पालवी आणि मुळी

६ जुलै २०२५, आषाढी एकादशी
अख्खा जिल्हा पंढरपूरच्या वाटेवर आणि मी जास्वंदीच्या फांद्या कापत बसलोय. सोलापुरात फांदी लावायची ती आताच, हवेत ओल असताना. मुळ्या नसलेल्या फांदीला पुरेसं पाणी ओढता येत नाही आणि पानं तर ते उडवत राहतात. एप्रिलच्या कोरड्या हवेत ती सावलीतही वाळते. पेन्सिलीएवढी जाड फांदी घेतली, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली दिला. वर दोनच पानं, तीही अर्धी कापलेली.

९ जुलै
शेजारच्या वहिनींना एक्झोरा हवाय. कुंडीत शेतातली काळी माती भरून आणलेली.
"वहिनी, ही पाणी धरून बसते. फांदी बुडाशी कुजेल. निम्मी वाळू, निम्मी तांबडी माती घ्या."
"आमच्याकडं ज्वारी हिच्यातच येते की वो!"
येते ना. ज्वारीला मुळ्या असतात! वरून पारदर्शक पिशवी उलटी घालायला सांगितलं. ओल आत कोंडून राहते, पाणी कमी लागतं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात तेवढंच. कुंडी मात्र सावलीत हवी, नाहीतर आत शिजेल.

१५ जुलै
लावलेल्या बोगनवेलीच्या फांद्यांना कोंब आले. घरचे खूश. मी नाही. फांदीतल्या साठ्यावरही पालवी फुटते.

२४ जुलै, दीप अमावास्या
सांगोल्याचे मामा आले होते. त्यांचा भगवा डाळिंबाचा बाग गुटीच्या रोपांचा. बी लावून भगवा तसाच उतरत नाही, म्हणून गुटी किंवा छाट कलम. गुण जसेच्या तसे येतात, पण मातृझाडावर तेल्या रोग असेल तर तोही रोपासोबत येतो. इथल्या केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. निरोगी रोपांचा आग्रह तिथलाही. मामा म्हणाले, "रोप नंतर बघ, आधी त्याची आई बघ." ते गेल्यावर जास्वंदी पुन्हा तपासल्या. फाटकाजवळच्या जास्वंदीच्या पानांमागे पांढरा पिठ्या ढेकूण. तिची फांदी यंदा कुणाला नाही.

११ ऑगस्ट, श्रावणी सोमवार
कोंबवाल्या बोगनवेलींतल्या बऱ्याच माना टाकून बसल्या. क्रोटनच्या फांदीला नवं पान नाही, पण हलकेच ओढलं तर हलत नाही. तिनं मुळी धरली. एक्झोरा नुसताच उभा. त्याला वेळ लागतो. वहिनी मात्र रोज उपटून बघतात. पिशवी तशीच, फांदी हातात!