साठ डॉलरचे पोहे

यवतमाळ जिल्ह्यातला हा तालुका केळापूरच्या नावाचा, पण कचेऱ्या, बाजार आणि पोह्यांच्या गाड्या शेजारच्या पांढरकवड्याला. नागपूर-हैदराबाद महामार्गाचा हा पट्टा. सकाळी पिवळ्या पोह्यांवर काळ्या हरभऱ्यांची लाल तर्री पडते, वरून कांदा, लिंबू, सांबार. सांबार म्हणजे इथे कोथिंबीर. पाटणबोरी ओलांडून तेलंगणात शिरले की त्याच शब्दाची आमटी होते. वीस-तीस रुपयांची प्लेट उभ्यानेच संपते, आणि पैसे देताना कोणी मनात हिशेब मांडत नाही.

या भागातला शेतकरी बाप मुलाकडे अमेरिकेत जातो, तेव्हा मात्र हिशेब सुटत नाही. तिथल्या महाराष्ट्र मंडळाचा दिवाळी पहाटेचा कार्यक्रम असतो. शाळेचा हॉल, गाणी, आणि कागदी ताटलीत पोहे, शिरा, एखादा वडा, चहा. माणशी 15 डॉलर हा दर तिकडे कुणाला नवा नाही. चौघांचे 60 डॉलर, म्हणजे पाच हजारांवर रुपये. लांब धाग्याच्या कापसाचा 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. बापाच्या डोळ्यांसमोर वेचलेला पासष्ट-सत्तर किलो कापूस उभा राहतो. ‘बाबा, तुम्ही रुपये नका मोजू,’ असे मुलगा म्हणतो. पण बाप रुपये मोजतच नसतो. तो वेचणाऱ्या बायांचे दिवस मोजत असतो.

दर कोणाच्या लोभातून येतो असे नाही, हेही सांगायला हवे. हॉलचे भाडे तासावर असते, विमा उतरवावा लागतो, पुष्कळ ठिकाणी परवाना असलेल्या स्वयंपाकघरातूनच अन्न आणावे लागते. पोहे समुद्र ओलांडून येतात आणि ते परतणाऱ्या हाताची मजुरी तिकडच्या भावाने द्यावी लागते. मंडळाचे कार्यकर्ते तर रात्री जागून, फुकट राबतात.

परदेशातल्या मंडळांचा हा व्याप मोठा आहे. महाराष्ट्र मंडळ, लंडन 1932 सालचे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र बांधणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 सालचे. त्याच्या अधिवेशनांना माणसे शेकडो डॉलर भरून येतात आणि घरी परतल्यावर भाषणांइतकीच पंगतीची आठवण काढतात. ही भूक खरी आहे. आठवडाभर परक्या भाषेत बोलून थकलेल्या माणसाला ‘अजून थोडी तर्री घे’ हे वाक्य ऐकायचे असते, आणि त्यासाठी तो तासभर गाडी चालवतो.

पण त्या हॉलमध्ये कोण दिसत नाही, तेही पाहिले पाहिजे. कर्ज काढून शिकायला गेलेला यवतमाळचा पोरगा तिथे नसतो. ज्याला घरच्या पोह्यांची सगळ्यांत जास्त गरज, तोच 15 डॉलर वाचवून खोलीत पाव खात बसतो.

अशाच पोरांना जेवू घालून याच जिल्ह्यातली एक बाई लंडनमध्ये उभी राहिली. राधाबाई बनारसे, यवतमाळ जिल्ह्यातल्या चौसाळ्याच्या. वैधव्यानंतर दुसरे लग्न करून, दुसरे महायुद्ध संपण्याच्या सुमारास त्या विलायतेत पोचल्या. लिहिता-वाचता येत नव्हते, इंग्रजीचा गंध नव्हता. दुसरा नवराही गेला, तेव्हा हाताशी होता तो फक्त स्वयंपाक. त्यांनी भारतीय विद्यार्थ्यांसाठी खाणावळ घातली, त्या कमाईवर लंडनमध्ये स्वतःची घरे घेतली आणि ‘लंडनच्या आजीबाई’ झाल्या. सरोजिनी वैद्य यांनी त्यांची कहाणी पुस्तकात लिहिली आहे, ती परदेशी मंडळाच्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावी. आजीबाई फुकट वाढत नव्हत्या. खाणावळ हाच त्यांचा संसार होता. पैसे घेऊनही परक्या गावातले ताट घरचे राहू शकते, हे त्यांनी करून दाखवले.

कमावत्यांनी 15 चे 18 डॉलर द्यायला हरकत नाही. त्या वरच्या पैशांतून विद्यार्थ्यांची ताटे निघतील, आणि गावाहून आलेल्या आईबापांकडून तर एक पैसाही घेऊ नये. येत्या दिवाळी पहाटेची कूपने छापण्यापूर्वी मंडळांनी एवढे ठरवावे.