द्रासची थंडी आणि मालमोटार

श्रीनगरहून लेहकडे जाताना जोजी-ला घाट ओलांडला की द्रासचे खोरे लागते. १०,००० फुटांहून उंच असलेल्या या गावी हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्याही खाली उतरतो. बर्फाने घाट मिटण्यापूर्वी लडाखचा हिवाळ्याचा शिधा वर पोचवण्याची धांदल असते; एक मालमोटार अडली की मागे रांग लागते.

अडण्याची तऱ्हाही ठरलेली. पहाटे मोटार सुरू होते, फर्लांगभर जाते आणि आचके देत बंद पडते. नवखा चालक बॅटरीला दोष देतो. अहो, एंजिन फिरले तेव्हाच बॅटरी निर्दोष ठरली! दोष डिझेलचा. त्यात विरघळलेले मेण कडक गारठ्यात गोठते व फिल्टर बुजतो. त्यापलीकडचे डिझेल संपेपर्यंतच मोटार चालते.

फिल्टर उघडून पाहावा. थिजल्या तुपासारखा थर दिसला तर मेण, टणक खडा लागला तर पाण्याचा बर्फ. ऊन पाण्यात भिजवलेले फडके त्यावर गुंडाळावे किंवा नवा फिल्टर बसवावा. नंतर हातपंपाने नळीतील हवा काढावी, नाहीतर सारे श्रम फुकट. रॉकेल मिसळण्याची रीत जुनी आहे, पण ते गोठण्याआधी मिसळले तरच उपयोगी. टाकीखाली शेगडी पेटवणारेही आढळतात; पाहणाऱ्याने क्रुसाची खूण करून दूर व्हावे!

२०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांतही प्रवाही राहणारे डिझेल आणले. पण सखल प्रदेशातले डिझेल टाकीत भरून वर आलेल्या मोटारीला त्याचा काय लाभ? तिने घाट चढण्यापूर्वी टाकी रिकामी होत आणावी आणि वर पोचताच थंडीचे डिझेल भरावे.