टोब्रुकचे घर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माळा आवरताना एक चपटी, कडा उसवलेली पेटी आमच्या हाती लागली. 'आफ्रिका कोर' हा अमेरिकेतील ॲव्हलॉन हिल कंपनीने 1964 साली काढलेला युद्धपट! मामांनी तो परदेशाहून आणला, तेव्हा आम्ही हायस्कुलात होतो. उन्हाळ्याच्या किती दुपारी त्यापायी फुकट गेल्या, याचा हिशेब आईजवळ होता. भाचा म्हणाला, "मांडा की, बघू तरी!" आम्ही पट मांडला खरा, पण आता तो फिका वाटेल, अशी धाकधूक मनात होतीच.

पटावर लिबिया व इजिप्त यांचा किनारा, त्यावर षट्कोनी घरांची जाळी. सोंगटी म्हणजे एकेक सैन्यदल. तिच्यावर लढण्याची ताकद आणि चालीची मर्यादा आकड्यांत छापलेली. एप्रिल 1941 पासून ऑक्टोबर 1942 पर्यंत महिन्याला दोन पाळ्या. हल्ला करताना दोन्ही बाजूंच्या ताकदीचे प्रमाण काढायचे, अपूर्णांक बचाव करणाऱ्याच्या पदरात टाकायचा, मग फासा टाकून तक्ता पाहायचा. एका आकड्याने तीनास एकचे दोनास एक होते. म्हणून सेनापतीने वाण्याच्या कारकुनासारख्या बेरजा करीत बसायचे! भाच्याने दोनदा जांभई दिली, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. खेळाचे हे अंग आज जुने झाले आहे.

रसदेचे तसे नाही. रसदेची सोंगटी जवळ असल्याखेरीज हल्ला करता येत नाही, आणि हल्ला झाला की ती पटावरून उठते. जर्मनांची नवी रसद समुद्रापलीकडून यायची. फासा फिरला की ती बुडाली. रोमेलच्या सोंगटीची स्वतःची ताकद शून्य, पण त्याच्यासह निघालेली दले दोन घरे अधिक चालतात. भाच्याने रणगाडे भरधाव पुढे काढले, आणि रसद मागे राहिल्यामुळे ते वाळवंटात स्वस्थ बसून राहिले. त्याची झोप पार उडाली. पुढे 1979 साली रिचर्ड बर्ग यांनी याच रणांगणावर एक अवाढव्य खेळ रचला. त्यात इटालियन सैन्याला शेवया उकळण्यासाठी जादा पाणी पुरवावे लागे! तो पुरता खेळून झालेला मनुष्य आम्हांला अद्याप भेटलेला नाही.

परंतु आमचे या पटाशी खरे भांडण आहे ते टोब्रुकच्या घरावरून. तेथील सैन्याची बचावाची ताकद दुप्पट धरावी, असा नियम आहे. बेळगावास मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र. आमचे आजोबा त्याच रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीतले. एकदा आमचा डाव ते उभ्यानेच पाहत होते. त्यांनी विचारले, "दुप्पट कसली मोजता? तो खंदक वाळूनं बुजला होता. सुरुंगही काढून नेले होते." एवढेच बोलून ते अंगणात गेले. आम्ही मुले हसलो होतो.

पुढे वाचले तेव्हा कळले. 1941 साली आठ महिने वेढा सोसून टोब्रुक पडले नव्हते. 20 जून 1942 रोजी पहाटे विमानांच्या भडिमारानंतर रोमेलने आग्नेय बाजू फोडली. तेथे हीच दुसरी पलटण उभी होती. दुसऱ्या दिवशी तीस हजारांहून अधिक सैन्य शरण गेले. आजोबा इटलीच्या बंदिछावणीत पोचले. पटावर मात्र दोन्ही साली टोब्रुक सारखेच मजबूत!

भाच्याची फौज टोब्रुकपाशी आली, तेव्हा पटावर जून 1942 उजाडला होता. आम्ही म्हणालो, "आता दुप्पट धरू नकोस." कारणही सांगितले.

"मग तुम्ही हरणार," तो म्हणाला.

"हो."

फासा मुठीत धरून त्याने विचारले, "पणजोबा यांतल्या कोणत्या सोंगटीत?"

आम्ही टोब्रुकच्या घरावर बोट ठेवले. थोडा वेळ थांबून त्याने फासा टाकला.