वीणा खाली टेकवायची नाही

आमचं गाव गंगाखेड तालुक्यातलं. गोदावरी मागं टाकून बालाघाटाच्या डोंगराकडं वळलं की लागतं. इथं सप्ताह चैत्रात बसतो आणि त्याचं कारण पंचांगापेक्षा ऊसतोडीत जास्त आहे. दिवाळीनंतर निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांवर जातं. पट्टा पडून टोळ्या परतल्या की मगच पहाऱ्याला माणसं मिळतात. हनुमान जयंतीला काला येईल अशा बेतानं दिवस मागं मोजायचे आणि पत्रिका छापायला टाकायची. वर ठळक अक्षरांत 'अखंड हरिनाम सप्ताह'.

खरं पाहिलं तर त्या सात दिवसांत खंड नसलेलं फारसं काही नसतं. काकडा उजाडता उजाडता संपतो. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांच्या आसपास ओव्या आठवड्यात बसवायच्या म्हणून व्यासपीठचालक घाई करतात, तरी पारायण जेवणासाठी थांबतंच. हरिपाठ, कीर्तन, पंगती, सगळं आपापल्या वेळेला उरकतं. माईक तर लाईटीच्या मर्जीवर. अखंड असते ती एकटी वीणा. पहिल्या दिवशी पूजा करून ती कुणाच्या तरी गळ्यात घातली, की काल्यापर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही आणि तिचा आवाज थांबू द्यायचा नाही. सात दिवसांचे 168 तास; दोन-दोन तासांचे धरले तर 84 पहारे. गोदाकाठच्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात लाखांनी माणसं जमतात. ती परंपरा 1847 पासूनची सांगतात. तिथं अखंडपण वर्षांवर मोजायचं. आमच्यासारख्या गावात ते मारोतीच्या देवळाच्या भिंतीवर चिकटवलेल्या यादीत असतं, आणि यादीत भांडणं असतात. संध्याकाळचे पहारे सगळ्यांना हवे, कारण तेव्हा गाव बघतं. रात्री बाराच्या पुढचे पोरांच्या गळ्यात.

मला बारा ते दोन मिळायचा. कीर्तन सुटून माणसं पांगलेली, मंडपात दोन-तीन म्हातारे टाळ मांडीवर ठेवून पेंगत असायचे. गळ्यात पट्टा, वीणा छातीशी उभी, एका बोटानं तारा छेडत 'रामकृष्ण हरी' म्हणत मागं-पुढं चालायचं. बसायचं नाही. पहिला अर्धा तास भक्तीत जातो, नंतरचा सगळा पोटऱ्यांत. एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून अवघड वाटायची. वीणा गळ्यात असली की थोरामोठ्यांनी पोराच्या पाया पडायचं. माझे सख्खे चुलते, ज्यांच्यासमोर मी एरवी खाटेवर बसत नाही, ते येऊन वाकायचे. मान वीणेचा असतो हे कळत होतं, तरी पाय मागं ओढला जायचा.

एका रात्री दोन वाजले आणि पुढचा गडी येईना. शेजारच्या दादाचा पहारा होता. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज रात्रीची होती आणि ती गेल्या दोन रात्री आलीच नव्हती. आता आली म्हटल्यावर दादा भुईमुगाला पाणी द्यायला पळाला. त्याला दोष तरी कसा देणार? उन्हाळी भुईमूग काल्यापर्यंत थांबत नाही. म्हाताऱ्यांपैकी एकाचे गुडघे गेलेले, दुसऱ्याला हलवलं तर तो "हो हो" म्हणून परत झोपला. मी चालत राहिलो. तीन वाजून गेल्यावर बोटाला तार कळेनाशी झाली.

काकड्याच्या तयारीला पहिल्या आल्या त्या वाड्यातल्या काकू. तांब्या खाली ठेवून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"कवापासून हाईस रे उभा?"

"बारापासून."

"आण इकडं. वाजवत ऱ्हा, मी पट्टा घेते."

आमच्याकडं तोवर बाईनं वीणा घेतलेली नव्हती. कुणी मनाई केलेली आठवत नाही, तसं कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी वाकून नमस्कार केला, मी तार छेडत असतानाच पट्टा आपल्या गळ्यात घातला, आणि त्यांचं बोट तारेवर आल्यावर मी माझं काढलं. मग मी त्यांच्या पाया पडलो, त्यात मात्र काही अवघड नव्हतं. तेवढ्यात पेंगणारे आबा जागे झाले. त्यांच्या कपाळावर आठ्या.

"हे कुठं असतंय का?"

काकू चालता चालताच म्हणाल्या, "जनाबाई कुठली, आबा? गंगाखेडचीच न्हवं?"

आबांनी टाळ उचलला. मी रांजणाकडं गेलो.

पुढच्या चैत्रात यादी लिहायला बसलो तेव्हा कमिटीनं मोठ्या मनानं दुपारचे बारा ते चार बायकांना देऊ केले. काकूंनी ते परत केले. दुपारी पंगतीचा स्वयंपाक कोण करणार, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं आणि रात्रीचे मागितले. दादाही तिथंच होता. थ्री फेजचं वेळापत्रक कसं लागेल याची त्याला अजून खात्री नव्हती. त्यानं स्वतःच पेन मागून घेतला आणि दोन ते चारमधलं आपलं नाव खोडलं.