पानाच्या पाठीवरचा हिशेब

भेंडीच्या झाडाला नुसता धक्का लागला, की पीठ उधळावे तशी पांढरी माशी उठते आणि क्षणात पुन्हा पानाखाली जाऊन बसते. औषध मारल्यावर दुसऱ्या दिवशी झाड हलवायचे आणि माशी उठली नाही तर औषध लागू पडले म्हणायचे, अशी आपल्याकडे फवारणीची परीक्षा असते. आमचे धाकटे भाऊजीही असेच मोजतात. माझे म्हणणे निराळे आहे. माशी पानाच्या पाठीवर काय ठेवून गेली, ते आधी पाहावे.

तोडणी आटोपली की मी मुलाच्या दप्तरातले भिंग घेते आणि शेंड्याकडची चार पाने उलटून बघते. मादीला अंडी घालायला कोवळे पान लागते, म्हणून शेंडा पाहायचा. अंडी नुसत्या डोळ्यांना धुळीच्या कणासारखी वाटतात. भिंगाखाली ती लांबट, उभी, फिकट पिवळी दिसतात. प्रत्येक अंड्याला खाली बारीक देठ असतो आणि मादीने तो पानात रोवलेला असतो. त्या देठातून अंडे पानातले पाणी ओढते. फुटायच्या आधी ते तपकिरी होते. उबेच्या दिवसांत आठवडाभरात पिल्लू बाहेर येते, थोडे चालते, एक जागा धरते आणि मग पंख फुटेपर्यंत तिथेच चिकटून रस ओढते. त्यामुळे एकाच झाडावर शेंड्याला अंडी, मधल्या पानांवर पिल्ले आणि खाली रिकामी टरफले अशी उतरंड लागते. आजी, आई, नात एकाच घरात नांदाव्यात तशी.

आता एक मादी पन्नासापासून दोन-अडीचशेपर्यंत अंडी घालते. फवाऱ्याने उडणारी माशी मेली तरी पानाखालची अंडी बहुतेक शाबूत राहतात. वरून मारलेले औषध पानाच्या पाठीला लागतच नाही, आणि लागले तरी पुष्कळ औषधे अंड्याला काही करीत नाहीत. आठ-दहा दिवसांत नवी फौज तयार.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी आपण सायपरमेथ्रिन, फेनव्हलरेट अशी औषधे आणतो. त्यांनी ढालकिडे, क्रायसोपा आणि पांढऱ्या माशीच्या पिल्लांवर जगणारे बारीक परोपजीवी किडे आधी मरतात. राखणदार गेले की चोराला रान मोकळे. शिवाय काही औषधांची जीव न जाण्याइतकी मात्रा मादीला लागली, तर ती नेहमीपेक्षा जास्त अंडी घालते. सुदानमध्ये गेझिराच्या कापसावर पांढरी माशी का माजली याचा शोध घेताना डी.डी.टी.च्या बाबतीत हे दिसून आले. आपल्याकडे डी.डी.टी. शेतीतून १९८९ साली गेले. पण १९८० नंतरच्या दशकात आंध्रात गुंटूर आणि प्रकाशम जिल्ह्यांच्या कपाशीवर ही माशी उसळली, तेव्हा पायरेथ्रॉइड औषधांच्या भडिमाराकडे बोट दाखवले गेले. पंजाबची कपाशी तर २०१५ साली फवारण्यांवर फवारण्या करूनही हातची गेली.

सगळी औषधे एका माळेची नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पायरीप्रॉक्सिफेनसारखे औषध मादीला लागले, तर तिने घातलेली अंडी फुटत नाहीत. पण भेंडीची गोष्ट कपाशीसारखी नाही. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. औषधाच्या डब्यावर तोडणीपूर्वी थांबायचे जे दिवस लिहिलेले असतात, तेवढे थांबले तर शेंग जून होते आणि बाजारात कुणी हात लावत नाही. थांबले नाही, तर तोडणारणीच्या बोटांना आणि घरच्या ताटात तेच. आमच्या वीस गुंठ्यांत तोडणी मी आणि दोन बाया करतो. फवारणी करणारा संध्याकाळी हातपाय धुऊन मोकळा होतो.

म्हणून मी निंबोळीवर अडून बसले. भाऊजी म्हणाले, “वहिनी, कडू पाण्यानं माशी मरती व्हय?” मरत नाही, हे मलाही ठाऊक होते. बांधाकडच्या सहा ओळी माझ्या, बाकीच्या त्यांच्या, असे ठरले. फवारल्यावर तीन दिवस माझ्या ओळींत माशी तशीच उठत होती आणि भाऊजी हसत होते. त्यांच्या ओळी शांत होत्या. मग मी दोन्हीकडची शेंड्याची पाने तोडून ओसरीवर भिंगाखाली धरली. निंबोळीच्या पानांवर अंडी विरळ, कुठे चारदोन. मादी बसते, सोंड लावून पाहते आणि उठून जाते, असा त्याचा गुण. जी पिल्ले निघतात त्यांना कात टाकता येत नाही, ती जागीच सुकतात. भाऊजींच्या पानांवर अंडी दाट होती आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांची माशी पुन्हा उठू लागली.

अर्काची रीत सोपी आहे, पण टाळाटाळ चालत नाही. ज्येष्ठ-आषाढात निंबोळ्या वेचून, गर धुऊन, बी सावलीत वाळवायचे. बुरशी लागलेले बी टाकून द्या. पाच किलो बी भरडून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावे, सकाळी फडक्याने गाळावे, दोनशे ग्रॅम साबणाचे पाणी घालून शंभर लिटर करावे. अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर मारावा. उन्हाने त्याचा गुण जातो. नोझल खालून वर धरायचे. पाल्याचा अर्क मी करीत नाही. खरा कडूपणा बियांतल्या गरात असतो. सीताफळाच्या बियांचा अर्कही काहीजण करतात. तो डोळ्यांना फार वाईट, मुलाबाळांच्या घरात मी तो आणत नाही.

निंबोळीकडून एक मात्र मागू नये. हळद्या रोग एकदा झाडात शिरला की अर्काने जात नाही, कुठल्याच औषधाने जात नाही. माशीला तो सोडायला थोडा वेळ पुरतो. शिरा पिवळ्या पडलेले झाड दिसले की मी ते उपटून बांधाबाहेर पुरते. भाऊजींना ते अजून जिवावर येते. शेंगा लागल्यात, राहू द्या म्हणतात. यंदा त्या सहा ओळींच्या अठरा झाल्या आहेत.