पानी होना क्या?

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तहान लागली की तो 'मला पाणी दे' म्हणत नाही. समोर येऊन उभा राहतो आणि मलाच विचारतो, "पानी होना क्या?" पाहुण्यांना कौतुक वाटतं, किती आदबशीर पोरगं! गेल्या ईदला एक खाला "नक्को बेटा, अब्बीच चाय पी" म्हणाल्या आणि बाबू ढसाढसा रडू लागला. बिचाऱ्यांना कळेना, झालं काय.

बाबूला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात, पण मला तो शब्द पटत नाही. आपल्यातच दंग असलेलं मूल, असा त्यातून अर्थ निघतो. आणि बाबू तर दिवसभर आमच्याशी बोलायचाच प्रयत्न करत असतो. फक्त तो सुटे शब्द जुळवून वाक्य करत नाही. ऐकलेलं अख्खं वाक्य, ज्या सुरात ऐकलं त्याच सुरात उचलतो. त्याला पाणी देताना आम्ही घरात "पानी होना क्या?" असं विचारतो. त्या वाक्यानंतर ग्लास हातात येतो. म्हणजे त्याच्या लेखी पाणी मागायचं वाक्य तेच.

यात नवं काही नाही. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर जो लेख लिहिला, त्यापासून डॉक्टरमंडळी ऑटिझमला वेगळा ओळखू लागली. त्या अकरांपैकी एका मुलाबद्दल कॅनर सांगतात, की काही फेकायचा मोह झाला की तो म्हणायचा, कुत्रा गॅलरीतून फेकू नकोस. घरात कुत्रा नाही, गॅलरीचा संबंध नाही. ऐकणाऱ्याला वेड वाटावं. पण पूर्वी कधी तो खेळण्यातला कुत्रा गॅलरीतून खाली टाकत असे आणि उचलून उचलून वैतागलेली आई त्याला हेच म्हणाली होती. पोरगं आईच्या शब्दांत स्वतःला आवरत होतं. हे फक्त आईला ठाऊक होतं.

बाबू चार वर्षांचा असताना आम्हाला एके ठिकाणी सल्ला मिळाला, घरात एकच भाषा ठेवा. शाळा मराठी, तर घरही मराठी, दखनी बंद. सोलापुरातल्या घराला हे सांगणं! आमच्या गल्लीत एका नळावर तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी अशा चार भाषांत भांडणं होतात. माझ्या सासूबाईंना मराठी येते ती बाजारापुरती. बाबू सगळ्यात जास्त वेळ त्यांच्याजवळ असतो, त्यांच्या मांडीवरच झोपायचा. दखनी बंद करायची म्हणजे दादीनं नातवाजवळ तोंड मिटून बसायचं. यांनी तिथेच विचारलं, "अम्मीनं काय इशाऱ्यांनी बोलायचं?" उत्तर मिळालं नाही. आम्ही तो सल्ला मानला नाही. नंतर वाचनात आलं, की दोन भाषांत वाढणारी ऑटिस्टिक मुलं एका भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा बोलण्यात मागे पडतात, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ते वाचलं नसतं तरी आमचं तेच राहिलं असतं. ज्या मुलाचं सारं बोलणं ऐकलेल्या वाक्यांवर उभं आहे, त्याच्या कानावरची निम्मी वाक्यं काढून घ्यायची, हे गणित मला कधी सुटलं नाही. तावीज बांधा, दम केलेलं पाणी पाजा, असेही सल्ले भरपूर मिळाले. पण त्यांतल्या कुणी दादीला गप्प बसवलं नाही!

पहिल्या शाळेनं दोन महिन्यांत सांगितलं, हा वर्गात भलतंच बडबडतो, याला विशेष शाळेत घाला. विशेष शाळा वाईट नसते, काही मुलं तिथेच रमतात. पण ती निवड शाळेनं करायची नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यात आहे. त्याचं कलम ३१ सांगतं, की चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी दाखला आणि यूडीआयडी कार्ड लागतं. आपल्यातल्या अनेक आया ते काढायला कचरतात; उद्या बहिणीच्या सोयरिकीत आड येईल म्हणतात. मी काढलं. कार्ड नसलं म्हणून गल्लीला कळायचं राहतं थोडंच!

आता तो महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीत आहे. बाईंना ऑटिझमची फारशी माहिती नव्हती, पण त्यांनी एक वही घातली. त्यात तीन रकाने आहेत: बाबू काय म्हणाला, ते कुठून आलं, त्याला काय हवं होतं. मधला रकाना भरायला वही घरी येते आणि तो बहुतेक वेळा दादी सांगते, मी लिहिते. "घंटागाडी आली" म्हणजे आवाज सहन होत नाही. कारण त्या गाडीच्या भोंग्याला तो लहानपणापासून घाबरतो. पूर्वी वर्गात बाकडी ओढली की हे वाक्य यायचं आणि मुलं हसायची. आता बाकडी उचलून ठेवतात. उलटाही माल येतो. शाळेतलं "बाई, पाणी पिऊन येऊ?" तो घरी दादीला विचारतो. दादी म्हणते, "हव, जा."

ज्यूडी सिंगर या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासक बाईंनी १९९८ साली आपल्या प्रबंधात न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द वापरला. मेंदू नाना तऱ्हांचे असतात आणि माणसांत हे असंच असायचं, असा त्याचा साधा अर्थ. आम्हा दखनी बोलणाऱ्यांना तो समजायला जड जाऊ नये. आमच्या बोलीला मोडकी उर्दू म्हणणारे आम्ही जन्मभर ऐकत आलो. ती मोडलेली नाही, तिचे कायदे वेगळे आहेत, हे दादीला शाळेत न जाता माहीत आहे. म्हणून तर नातवाचं बोलणं तिला मोडकं वाटत नाही.

ही शाळा चौथीपर्यंतच. जूनमध्ये पाचवीला नवी शाळा, नव्या बाई, साठ-सत्तर मुलं आणि मधल्या सुट्टीची घंटा, तीही विजेची. एका शाळेत विचारून आले; "बघू" म्हणाले. कायद्याचा कागद बरोबर होता, तो दाखवावा लागेलसं दिसतंय. वहीत सध्या पासष्ट वाक्यं आहेत. तिच्या दोन झेरॉक्स काढायच्या आहेत, एक नव्या शाळेसाठी आणि एक मकतबच्या मौलानासाहेबांनी स्वतःहून मागितली आहे म्हणून. त्यांच्याकडे बाबू अरबी अक्षरं शिकतो आणि मध्येच त्यांनाही विचारतो, "पानी होना क्या?"