बडनेऱ्याच्या आकाशाखाली : जुनी विमाने आणि जिवंत हुनर

मुंबई-नागपूर मार्गाने प्रवास करणाऱ्याला बडनेरा माहीत असते ते जंक्शन म्हणून. गाडी थांबते, अमरावतीचे लोक उतरतात, चहावाले धावतात आणि गाडी पुढे निघते. पण स्टेशनच्या बाहेर पडले तर जुनी वस्ती आणि नवी वस्ती असे दोन भाग लागतात. जुन्या नोंदींत या गावाचे नाव 'बडनेरा बीबी' असेही आढळते. रेल्वे आली आणि गाव लोखंडाशी जोडले गेले. आजही इथल्या दुकानांत वेल्डिंगच्या ठिणग्या, लेथचा आवाज आणि पत्रा ठोकणारे हात दिसतात. त्यांत आपल्या समाजाची मुले पुष्कळ आहेत.

आता या गावाला आकाशही जोडले गेले आहे. यवतमाळ रस्त्यावरील बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. धावपट्टी १८५० मीटर लांबीची आहे. वर्षाला १८० वैमानिक घडवणारी एअर इंडियाची प्रशिक्षण संस्था इथे उभारण्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. साहजिकच घराघरांत मुले विचारू लागली आहेत, "अब्बू, विमान कोण चालवतो?" त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न त्यांना शिकवायला हवा : विमान दुरुस्त कोण करतो?

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर बडनेऱ्याहून रेल्वेने तीन तासांच्या आत पोहोचता येते अशा नागपुरात नोव्हेंबर २०१९ मध्ये उतरले होते. आरशासारखे चकाकणारे, एका माणसाला बसता येईल एवढे छोटे विमान. नाव स्पिटफायर. इंग्लंडमध्ये १९४३ साली बनलेले हे लढाऊ विमान दुसऱ्या महायुद्धात ५१ मोहिमांवर गेले होते. पुढे ते वर्षानुवर्षे संग्रहालयात उभे राहिले. मग कारागिरांनी ते संपूर्ण खोलले आणि सुमारे दोन वर्षे खपून पुन्हा उडते केले. ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लंडच्या गुडवुडहून निघून, जगाला फेरी मारून ते डिसेंबरमध्ये परतले. या प्रवासासाठी त्याच्यावर तोफा ठेवल्या नव्हत्या आणि युद्धाचा रंगही खरवडून काढला होता. मारण्यासाठी बनवलेले यंत्र देशोदेशी पाहुणा म्हणून गेले.

असे विमान उडते करणे म्हणजे रंगरंगोटी नव्हे. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हजारो रिव्हेटांनी, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला रिबिट म्हणतात त्यांनी जोडलेला असतो. वरून चकचकीत दिसणाऱ्या पत्र्याखाली रिबिट गंजलेले असू शकते. पंखाचा सगळा भार पेलणारा मुख्य दांडा स्पिटफायरमध्ये एकात एक बसवलेल्या चौकोनी नळ्यांचा असतो. त्यात बारीक चीर राहिली तरी हवेत पंख निखळण्याचा धोका असतो. २७ लिटरचे, बारा सिलिंडरचे मर्लिन इंजिन सुटे करून प्रत्येक भाग मापात आहे का, ते पाहावे लागते. आणि प्रत्येक भागाची कागदावर नोंद लागते : कुठून आला, कोणी तपासला, कोणी बसवला. सही नसेल तर विमान उडत नाही.

हे काम आपल्या देशाला नवे नाही. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला अमेरिकन बनावटीची लिबरेटर बॉम्बर विमाने मुद्दाम मोडतोड करून टाकून दिली होती. १९४८ च्या सुमारास बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यांतली चाळीसहून अधिक पुन्हा उडण्याजोगी केली. जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती कानपूरहून बंगलोरला नेली. वायुसेनेने ही विमाने १९६८ पर्यंत वापरली. त्यांतलेच एक पुढे अमेरिकेत गेले आणि १९८९ पासून तिथे लोकांसमोर उडू लागले.

स्पिटफायरची गोष्ट मात्र मनाला लागते. आपल्या तळांवर पडून असलेली अनेक स्पिटफायर १९७० च्या दशकाच्या अखेरीस परदेशी गेली. आपल्याला जे भंगार वाटले ते त्यांनी उडवून दाखवले. अलीकडे आपल्याकडेही जाण आली आहे. वायुसेनेच्या ताफ्यात जुनी टायगर मॉथ आणि हार्वर्ड आहेत. इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये आलेले 'परशुराम' हे डकोटाही आहे.

या जुन्या विमानांबरोबर एक नाव आपल्या मुलांना सांगायलाच हवे : एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ. हैदराबादचा हा तरुण १९४२ मध्ये वायुसेनेत दाखल झाला आणि इंग्लंडमध्ये हरिकेन व स्पिटफायर चालवायला शिकला. १९४७ मध्ये फाळणी झाली तेव्हा त्यांनी भारत निवडला. १९७८ ते १९८१ या काळात ते वायुसेनाप्रमुख होते आणि नंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले.

लतीफ साहेबांच्या खुर्चीपर्यंत फार थोडे पोहोचतील. पण पाना हाती धरलेल्या मुलासाठी एक वाट उघडी आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन बारावी झालेल्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, विमान देखभाल अभियंत्याच्या अभ्यासक्रमाला जाता येते. परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या विमानांची दुरुस्ती होते, म्हणजे हे काम विदर्भातच आहे. अडचण हुनराची नसते. दहावीनंतर मुलगा कमावता झाला म्हणून त्याचे गणित सुटते आणि तिथेच दार बंद होते. शिक्षण खर्चिक आहे हे खरे. म्हणून जमातीतील सधन लोकांनी, जकात आणि सदक्याचा विचार करताना, अशा गरजू विद्यार्थ्यांकडेही पाहावे.

पवित्र कुरआनातील सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि चिलखताच्या कड्या नेमक्या मापात जोडण्याच्या आज्ञेचा उल्लेख आहे. एका पैगंबराच्या हातचे काम लोखंडाचे होते आणि त्यातही अट मापाची होती. रिबिट ठोकणाऱ्याच्या कामावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो. ती अमानत आहे. गॅरेजमध्ये ब्रेक जोडणाऱ्या मुलालाही हेच लागू आहे.

बेलोऱ्याहून विमान उठेल तेव्हा मुलांना वर पाहायला जरूर सांगा. आणि रात्री त्यांच्या गणिताची वहीही उघडून पाहा.